रविवारचा ड्रॉ

आमच्या सोसायटीच्या फ्लॅटांचा ड्रॉ ठरल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात नाचायचंच काय ते बाकी होतं. घरी येऊन सांगितलं, तर माझे सासरे म्हणाले, तारीख रविवारची आहे, म्हणजे आपण जायचं नाही.

पंच्याण्णव साल होतं. दिल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेव्हा फ्लॅट हा एकच विषय. यमुनेच्या अलीकडे कालपरवापर्यंत जिथं कोबी लावत होते, तिथं इमारती उठत होत्या. मी नोएडात एका परदेशी कंपनीत नुकतीच लागले होते, गळ्यात ओळखपत्र अडकवून कायनेटिकवरून जायचे आणि स्वतःवर फार खूश असायचे. आम्ही राहत होतो गाझियाबादेत वैशालीला, भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. पण सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना मयूर विहारच्या एका सोसायटीत नाव घातलं होतं, आणि इतक्या वर्षांनी ती सोसायटी एकदाची बांधून झाली होती.

चार मजली इमारती, लिफ्ट नाही. कुणाला कुठला फ्लॅट मिळणार ते चिठ्ठ्यांवर. मटक्यात हात घालायचा आणि निघेल ते आपलं. बाकीच्यांसाठी ही मजा होती. आम्हाला मात्र तळमजलाच हवा होता, कारण माझ्या सासूबाई.

गिरिजाबाईंचे गुडघे संधिवातानं पार गेले होते. वैशालीच्या घरात आणलं तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं होतं आणि नंतर डॉक्टरकडे न्यायचं सोडलं तर त्या खाली उतरल्याच नव्हत्या. दिवसभर खिडकीत बसायच्या. भाजीवाल्याला वरून हाक मारायच्या, दोरीनं टोपली सोडायच्या आणि तो वरखाली बघत सडका टोमॅटो घालायचा तो बरोबर दिसायचा त्यांना. मला म्हणायच्या, साधना, तळमजला मिळाला ना, की मी दारात खुर्ची टाकून बसेन आणि ह्या मेल्याला समोरासमोर धरेन. एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी व्हावी म्हणून मी काय वाटेल ते करायला तयार होते.

आणि पप्पा म्हणत होते, रविवार आहे.

पप्पा म्हणजे माझे सासरे, बळवंतराव रणनवरे. मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च, लहान होती. नोएडा, फरीदाबाद, गाझियाबादची मोजकी घरं दर रविवारी सकाळी आमच्याच बैठकीत उपासनेला जमत, कारण आई, म्हणजे सासूबाई, खाली उतरू शकत नव्हत्या. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. एरवी उपदेश पप्पा करत, आणि माझा नवरा पद्माकर पेटी वाजवी.

पप्पांचा रविवार म्हणजे काय विचारू नका. वर्तमानपत्राची घडी मोडायची नाही. टीव्हीवर कापड टाकायचं. तुटलेलं बटण शिवायचं नाही. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचा, म्हणजे कुणी व्यवहाराचं बोलायला नको. फुलके तेवढे चालत, कारण भूक पप्पांना रविवारीही लागायची. आणि एवढं सगळं करून हा माणूस उपदेशाला उभा राहिला की विषय ठरलेला: नियमशास्त्र पाळून कुणी देवापुढे नीतिमान ठरत नाही, माणूस विश्वासानंच नीतिमान ठरतो, आणि देवाची कृपा फुकट आहे. बोलत मात्र इतकं सुंदर की लोकांचे डोळे भरून यायचे. मी मागच्या रांगेत बसून टीव्हीवरच्या कापडाकडे बघत असे.

ड्रॉवरून आमचा कडाक्याचा वाद झाला. त्यांचे मुद्दे दोन. एक, रविवारी व्यवहार नको. दोन, चिठ्ठी म्हणजे जुगार. मीही काही कमी नव्हते. मी म्हटलं, यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायला शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. पप्पा म्हणाले, ते पवित्र आत्मा उतरण्यापूर्वीचं, त्यानंतर मंडळीनं चिठ्ठ्या टाकल्याचा एकही दाखला नाही. त्याचा मला जास्तच राग आला. शेवटी ते शांतपणे म्हणाले की जन्मात एक रविवार मोडला नाही मी, देव ते बघतोय, तळमजला तो देईल. सभासद गैरहजर असला तर त्याच्या नावची चिठ्ठी सरकारी साहेब उचलतात, तेव्हा उचलू दे त्यांना.

ह्या रविवारापायी आमच्या घरात पूर्वी एक वाईट प्रकार झाला होता, तो इथंच सांगून टाकते. पप्पा काही काळ सोसायटीचे सेक्रेटरी होते. नागपूरकडचे एक सभासद होते, शामराव वासनिक, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. बौद्ध कुटुंब, नवराबायको दोघंच. त्यांची आई गावी आजारी होती, म्हणून ते लागोपाठ सभांना येऊ शकले नाहीत आणि नियमाप्रमाणे पप्पांनी त्यांना सभासदत्व रद्द करण्याची नोटीस पाठवली. आईचं सगळं उरकून ते दिल्लीला परतले ते थेट आमच्या घरी खुलासा द्यायला आले. मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि तो रविवार होता. पप्पांनी दारातच सांगितलं की आज सोसायटीचं काम बोलत नाही, उद्या या. उद्या मुदत संपते, असं ते म्हणाले, तर पप्पा म्हणाले की मुदत पाळणं तुमच्या हातात होतं. नुकतीच आई गेलेला तो माणूस दारात क्षणभर उभा राहिला, खिडकीतल्या आमच्या आईंकडे त्यानं बघितलं आणि जिना उतरून गेला. पुढे सर्वसाधारण सभेत इतरांनी हात वर करून त्यांना ठेवून घेतलं. पप्पांनी तिथंही विरोधात मत दिलं होतं.

तर ड्रॉचा रविवार उजाडला. मी सकाळी पंजाबी ड्रेस घालून बैठकीत आले आणि जाहीर केलं की मी चालले. पद्माकरनं पेटीचा भाता उगाच दोनदा हलवला. पप्पा बायबलमधून वर बघेनात. आईंनी फक्त माझा हात घट्ट दाबला. मी जिन्यावरून धडाधड उतरले.

सोसायटीत मांडव घातला होता. भिंतींना अजून चुन्याचा वास, खिडक्यांना काचा नव्हत्या, पण लोक आपापल्या घरात येऊन बसल्यासारखे हसत होते. पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळे आपल्या बायकामुलांसकट. समोसे फिरत होते. टेबलावर मटका, त्यामागे रजिस्ट्रारच्या ऑफिसातून आलेले साहेब. एकेक नाव पुकारलं जायचं, माणूस हात घालायचा, साहेब वाचायचे आणि आरडाओरडा व्हायचा. पहिल्या मजल्याला टाळ्या, तळमजल्याला शिट्ट्या. तळमजल्याचे थोडेच होते आणि एकेक करून जात होते.

माझ्या शेजारी गंगुबाई वासनिक बसल्या होत्या. मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटत होती, पण त्यांनीच समोसा पुढे केला. शामरावांचं नाव पुकारलं, त्यांनी चिठ्ठी काढली आणि साहेबांनी वाचलं: तळमजला, कोपऱ्यातला. गंगुबाई ताडकन उठल्या. नवऱ्याकडे न जाता आधी फ्लॅटच बघायला पळाल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचे हात मातीनं भरले होते. फ्लॅटच्या मागे मोकळ्या जागेची एक पट्टी होती. इथं कढीपत्ता लावीन, इथं मोगरा, तिकडे भेंडी, असं त्या मला हातवारे करून सांगत राहिल्या. मी हसत होते आणि मनातल्या मनात उरलेले तळमजले मोजत होते.

रणनवरे हे नाव जवळजवळ शेवटी आलं. मी धावत टेबलाशी गेले, चिठ्ठी मला काढू द्या म्हटलं. साहेब म्हणाले, "मेंबर खुद नहीं आए तो मैं निकालूँगा, मैडम।" त्यांनी हात घातला. आमचं नशीब निदान आमच्या घरातल्या हातानं तरी निघावं, तर तेही नाही. तिसरा मजला, सगळ्यात वरचा.

मी तिथंच खुर्चीत बसले आणि ढसढसा रडायला लागले. मला लोकांची पर्वा नव्हती. आई आता त्या वरच्या खिडकीत बसणार आणि दोरी आणखी लांब लागणार, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. गंगुबाईंनी काय झालं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, गुडघे, खिडकी, भाजीवाला, सगळं. शामराव मागे उभे राहून ऐकत होते.

ते म्हणाले, "त्या खिडकीतल्या बाई ना? मी पाहिलंय त्यांना."

मग त्यांनी बायकोकडे बघितलं. गंगुबाईंनी आपल्या हातावरची माती बघितली. मग गंगुबाई म्हणाल्या, "द्या त्यांना. मोगरा कुंडीतही येते."

मला आधी कळलंच नाही. शामराव सरळ साहेबांकडे गेले आणि हिंदीत विचारलं की दोन सभासदांना आपापसांत बदली करायची असेल तर काय करावं लागतं. साहेब म्हणाले, यादी बंद व्हायच्या आत दोन्ही मेंबरांनी माझ्यासमोर सही केली तर आत्ता होईल, नाहीतर ऑफिसचे हेलपाटे घालावे लागतील आणि होईलच याचा भरवसा नाही. वर म्हणाले, जेवायच्या वेळी मी उठणार. दोन्ही मेंबर, खुद.

मी घरी फोन लावायला बूथकडे धावले. एंगेज. पुन्हा एंगेज. मग आठवलं की रिसीव्हर काढून ठेवलाय. मी कायनेटिक काढली. वैशालीपर्यंतचा तो रस्ता मी कसा कापला ते मला आजही सांगता येणार नाही. ट्रकवाले शिव्या देत होते, मीही देत होते, आणि मधूनच मोठ्यांदा हसत होते, कारण काम झालं होतं, फक्त एक सही हवी होती.

दार ढकललं तेव्हा पप्पांचा उपदेश ऐन रंगात आला होता. विषय तोच, कृपा विकत घेता येत नाही. मी चपला न काढता बैठकीच्या मध्यात गेले आणि सांगितलं की आपल्याला तिसरा मजला लागलाय.

पुढचं सांगायच्या आधीच मी थांबले, कारण पप्पांचा चेहरा. असा मी तो कधी बघितला नव्हता. त्यांनी बायबल मिटलं आणि अगदी हळू म्हणाले, "मी सगळं पाळलं, साधना."

त्या एका वाक्यानं माझा वर्षानुवर्षांचा राग विरघळला. ह्या माणसाला खरंच वाटत होतं की रविवारामागून रविवार साठवून त्यानं बायकोसाठी तळमजला कमावलाय. मी घाईघाईनं पुढचं सांगितलं: वासनिक बदलून देतायत, आता निघायला हवं, फक्त सही.

पप्पा म्हणाले, त्या माणसाचं मी घेऊ शकत नाही. मग म्हणाले, घ्यायचंच तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. मी पुढच्या सभेत माफी मागेन, लेखी देईन. त्यांच्या घराचं सगळं फर्निचर मी स्वतः उभं राहून करवून घेईन. आणि बोलायचंच तर उद्या बोलू. मंडळी अवघडून जमिनीकडे बघत होती. पद्माकर "पप्पा" एवढंच म्हणाला. मी ओरडणार तेवढ्यात आई बोलल्या. आमच्या उपासनेत आई कधीही बोलत नसत.

"अहो, जन्मभर लोकांना सांगत आलात की फुकट मिळतं, फुकट मिळतं. आज कुणीतरी देतंय, तर तुम्हाला किंमत ठरवायचीय."

आईंनी खुर्चीचे हात धरले आणि म्हणाल्या, "मला खाली न्या. तुम्ही नका येऊ. निदान त्या माणसाला बघून येते मी."

मग जे झालं ते बघायला हवं होतं. श्रीरंग गायकवाड, आमच्यातले सगळ्यात धिप्पाड, उठले आणि त्यांनी आईंची खुर्ची मागून धरली. पद्माकरनं पेटी सोडून खुर्चीचा पुढचा पाय धरला. आणखी दोघं पुढे आले. उपासना अर्धवट, समाप्तीची प्रार्थना नाही, आशीर्वाद नाही, आणि अख्खी मंडळी जिन्यात. बायका पुढे होऊन कुंड्या बाजूला करत होत्या, खालचे शेजारी दार उघडून "क्या हुआ जी" विचारत होते आणि आई खुर्चीत बसून पदर सावरत सगळ्यांना सांगत होत्या की "घर देखने जा रही हूँ।" वळणावर खुर्ची अडली. कुणालाच हात घालायला जागा मिळेना. तेव्हा मागून पप्पा खाली उतरले, त्यांनी बायबल माझ्या हातात दिलं आणि खुर्चीचा तो अडकलेला पाय स्वतः उचलून धरला. तिथून खालपर्यंत तो त्यांनी सोडला नाही.

गायकवाडांच्या मारुती व्हॅनमध्ये आईंना घातलं, पप्पा पुढे बसले. मी कायनेटिकवर पुढे हॉर्न वाजवत. मागे दोन स्कूटर आणि एक ऑटो. सबंध मराठी मंडळी उन्हातून गाझियाबादहून मयूर विहारला निघाली होती आणि मला इतका आनंद कधी झाला नसेल.

मांडवात पोचलो तेव्हा खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. साहेब उठून उभे होते, पण शामरावांनी त्यांच्यासमोर चहाचा आणखी एक कप आणून ठेवला होता, बहुधा कितवातरी. कागद तयार होता. शामरावांची सही आधीच झालेली होती. आईंना खाली उतरवलं तेव्हा गंगुबाई पुढे आल्या, त्यांनी आईंचा हात धरला आणि दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते गोंगाटात मला ऐकू आलं नाही.

पप्पा टेबलाशी गेले. शामराव समोर. पप्पांनी घसा साफ केला आणि आमच्या घरी मांडलेले सगळे मुद्दे पुन्हा मांडायला घेतले. माफीचं, लेखी देण्याचं, फर्निचरचं. शामराव ऐकून घेत होते आणि प्रत्येकाला मान हलवून नको म्हणत होते, अगदी नम्रपणे, पण नको.

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?" पप्पांनी विचारलं.

"सही करायची आहे ना," शामराव म्हणाले. "साहेबांना उशीर होतोय."

पप्पा कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे म्हणतील उद्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी मनात देवाला म्हणत होते की एवढं कर, बाकी काही नको. पप्पांची मान खाली होती. ती त्यांनी वर केली आणि सरळ शामरावांच्या डोळ्यांत बघितलं.

"शामराव, तुमच्या जागी मी असतो, तर मी दिला नसता."

"माहीत आहे मला," शामराव म्हणाले, आणि टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

पप्पांनी सही केली.